चार नंबर

गाडी इतकी खाली बसलेली
की गेटावरच्या गतिरोधकावरून आत घ्यायला
दोन फळ्या टाकाव्या लागल्या.
रबाळे एमआयडीसी, गल्लीच्या शेवटी,
जिथे औषध कंपनीचा वास दुपारी तीनला बदलतो
आणि त्यावरून आम्ही चहा सांगतो.

पिवळी, दोन दारांची. जपानी, सेकंडहँड.
मालकीण डॉक्टर टिपणीस, ऐरोली, दातांच्या.
म्हणाल्या, उभी असली की थरथरते,
पळताना काही वाटत नाही.
किती पळवली?
"शंभर. फार तर एकशे दहा."

सगळे शंभरच सांगतात, मी म्हटलं.
तुमच्याकडे नाही का सांगत,
रात्रीसुद्धा घासतो म्हणून?
त्या हसल्या नाहीत.

स्कॅनर लावला. चार नंबर, मिसफायर.
स्कॅनर खोलीचा नंबर सांगतो,
आत कोण रडतंय ते नाही सांगत.
चारची कॉइल दोनला लावली,
तक्रार चारलाच राहिली.
प्लग काढले. तीन ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचे,
चौथा खडूसारखा पांढरा, टोकाला बारीक फोड.
मग गेज.
एकशे सत्तर. एकशे अडुसष्ट. एकशे सत्तर.
साठ.
चमचाभर ऑइल ओतून पुन्हा बघितलं,
काटा साठावरच.
म्हणजे रिंगा निर्दोष.

इम्तियाझला म्हटलं, ग्राइंडर बंद कर.
पारसिकचे डंपर काही माझं ऐकत नाहीत,
ते गेल्यावर चारमध्ये हवा सोडली
आणि कान लावत फिरलो.
डिपस्टिकच्या नळीत काही नाही.
थ्रॉटलपाशी काही नाही.
सायलेन्सरशी गुडघे टेकले तर
आत कुणी म्हातारा झोपेत
गालातून हवा सोडत असल्यासारखं
फुस्... फुस्...

कॅमेऱ्याची वायर आत घातली.
डॉक्टरांनी ती माझ्या हातातून घेतली, न विचारता,
मनगट जरासं वळवलं
आणि मला अर्धा तास जे सापडलं नसतं
ते पडद्यावर आलं.
एक्झॉस्ट वॉल्व्हची कड खाल्लेली,
नखाएवढी.
"कीड," त्या म्हणाल्या.

मी सांगत राहिलो, इंजेक्टर अर्धा तुंबलेला,
ऐरोली ते वाशी कधी कळलंच नसतं.
वॉल्व्ह टेकतो तेव्हाच निवतो हो.
उठायचं, पुन्हा बसायचं,
बसल्या बसल्या अंगातली आग हेडला देऊन टाकायची,
एवढाच त्याचा संसार.
पेट्रोल कमी, आग जास्त
आणि तासन् तास सात हजारच्या फेऱ्या,
तर टेकणार किती, निवणार कधी?

"आधी दुखत नाही असं," त्या पडद्याकडेच बघत होत्या.
"गार पाणी लागलं की कळतं."
मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाला,
"दोनशे दहा.
समृद्धीवर. सिन्नरपासून जालन्यापर्यंत.
येतानाही."

जालन्यात काय होतं ते विचारलं नाही.
जॉबकार्डावर तो रकाना नाही.
हेड उतरवावं लागेल, लिहिलं. वॉल्व्ह, सीट, इंजेक्टर चारही.
आठ दिवस.
आकडा सांगितला, तो त्यांनी ऐकलाच नाही.
"जुना वॉल्व्ह ठेवा माझ्यासाठी."

जुने पार्ट सगळेच मागतात,
खरंच बदलला की नाही बघायला.
यांनी चिंधीतून काढून उजेडाकडे धरला,
अंगठा त्या खाचेवरून एकदा फिरवला
आणि पर्समध्ये चष्म्याच्या डबीत ठेवला.

ट्रायल मीच घेतली होती, आदल्या रात्री,
ठाणे-बेलापूर रस्ता, दिघ्यापर्यंत नि परत,
रस्ता मोकळा, चारही सिलिंडर एका सुरात,
इम्तियाझ शेजारी, सीट घट्ट धरून.
कार्डावर लिहिलं: ट्रायल ओके. वेग साठ.
त्याने वाचलं,
माझ्याकडे बघितलं
आणि काही न बोलता फळ्या टाकायला गेला.